पेनसाउंड : एका कवी-प्राध्यापकाच्या कानांनी घडवलेला ध्वनिसंग्रह

पेनसाउंड या ध्वनिसंग्रहात चार्ल्स बर्न्स्टीन या अमेरिकन कवीच्या पानावर 'एक ते शंभर' अशा नावाचे एक जुने ध्वनिमुद्रण आहे. त्याच्यापुढे १९६९ हे साल दिलेले आहे. म्हणजे तेव्हा बर्न्स्टीन १८-१९ वर्षांचे होते. या मुद्रणात ते इंग्रजीतून एकपासून शंभरपर्यंत आकडे म्हणतात आणि त्याखेरीज एकही शब्द उच्चारत नाहीत. सुरुवातीला आवाज वर्गात पटावरची नावे पुकारावीत तसा सपाट असतो, मग तो हळूहळू चढू लागतो, आणि पुढे तर प्रत्येक आकडा जिवाच्या आकांताने ओरडलेला ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकताना मी ते मध्येच बंद केले होते. काही दिवसांनी पुन्हा लावले आणि शेवटपर्यंत ऐकले, तेव्हा जाणवले की ज्या आकड्यांना स्वतःचा काहीच भाव नाही, त्यांच्यातूनही धास्ती, चीड, थकवा हे सारे पोहोचत होते आणि ते सगळे केवळ आवाजाने वाहून आणलेले होते. पुढची ५० वर्षे हा माणूस कवी म्हणून आणि प्राध्यापक म्हणून ज्या एका गोष्टीच्या मागे लागला, ती या मुद्रणात आधीच हजर आहे.

पेनसाउंड ही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आश्रयाने चालणारी, कोणालाही मोफत वापरता येणारी सेवा आहे. कवींनी आपापल्या कविता वाचल्याची ध्वनिमुद्रणे तिथे ऐकता येतात आणि आपल्या यंत्रावर उतरवूनही घेता येतात. नाव नोंदवावे लागत नाही, मध्ये जाहिरात येत नाही, अमुक इतक्या मिनिटांनंतर पैसे भरा असेही कोणी म्हणत नाही. बर्न्स्टीन आणि त्यांचे सहकारी प्राध्यापक अल फिलराइस यांनी २००५ मध्ये ती सुरू केली. गेले सात-आठ महिने मी ही सेवा जवळजवळ रोज वापरते आहे, आणि या काळात माझे असे मत झाले आहे की तिचे गुण आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी तिच्या संस्थापक कवीच्या आयुष्यातून थेट उतरलेल्या आहेत. म्हणून या परीक्षणात सेवेबरोबर त्यांच्याबद्दलही लिहिणे मला भाग आहे.

बर्न्स्टीन यांचा जन्म ४ एप्रिल १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील कपड्यांच्या व्यवसायात होते. ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स या शाळेतून ते हार्वर्डला गेले आणि १९७२ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले. तिथे स्टॅन्ली कॅव्हेल यांच्यासारखे तत्त्वज्ञ त्यांना शिकवायला होते. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी गर्ट्रूड स्टाइन ही लेखिका आणि लुडविग विटगेन्स्टाइन हा तत्त्वज्ञ यांना शेजारी शेजारी बसवले. एकीने वाक्ये पुन्हा पुन्हा फिरवून भाषेचा चालण्याचा ठेका दाखवला आणि दुसऱ्याने शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो हे सांगितले. विशी नुकतीच ओलांडलेल्या विद्यार्थ्याने ही जोडी जुळवावी, याचे मला आजही अप्रूप वाटते, कारण त्यांच्या पुढच्या साऱ्या लेखनाची बैठक तिथेच पक्की झालेली दिसते.

यानंतर कोणालाही वाटेल की हा तरुण सरळ विद्यापीठात शिरला असेल. तसे झाले नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची कित्येक वर्षे बर्न्स्टीन यांनी वैद्यकीय विषयांवरचा मजकूर लिहिणे आणि संपादित करणे या नोकरीवर घर चालवले. दिवसभर आजार, औषधे आणि उपचार यांच्याविषयीची नेटकी, एकच अर्थ निघेल अशी वाक्ये लिहायची आणि उरलेल्या वेळात वाक्याची वीणच उसवून पाहणाऱ्या कविता लिहायच्या, असा तो काळ होता. पहिले पुस्तक १९७५ मध्ये स्वतःच्याच छोट्या प्रकाशनातून आले. त्यांच्या पत्नी सुझन बी या चित्रकार आहेत आणि बर्न्स्टीन यांच्या अनेक पुस्तकांची मुखपृष्ठे त्यांनीच केलेली आहेत. १९७८ ते १९८१ या काळात ब्रूस अँड्र्यूज यांच्यासह बर्न्स्टीन यांनी 'लँग्वेज' हे नियतकालिक चालवले. त्या नावाच्या प्रत्येक दोन अक्षरांमध्ये बरोबरीचे चिन्ह छापलेले असे. पुढे त्या नावावरून एका संपूर्ण पिढीतल्या प्रयोगशील कवींना ओळखले जाऊ लागले. या कवींचे म्हणणे थोडक्यात असे होते की भाषा म्हणजे पलीकडचे दिसावे म्हणून पुसून ठेवलेली काच नाही. ती स्वतः एक वस्तू आहे, तिला वजन आहे, पोत आहे, आणि कवितेत तो पोत हाताला लागला पाहिजे.

याच सुमारास, १९७८ मध्ये, टेड ग्रीनवॉल्ड या कवीबरोबर त्यांनी मॅनहॅटनमधल्या 'इअर इन' या जुन्या मद्यालयात काव्यवाचनाची मालिका सुरू केली. 'इअर' म्हणजे कान, आणि कवितेच्या वाचनासाठी याहून शोभणारे नाव शोधूनही सापडले नसते. तिथली वाचने कॅसेटवर टिपून ठेवली जात. त्यातली काही निवडून १९९४ मध्ये त्यांनी एक सीडीही काढली. आज पेनसाउंडवर त्या मालिकेतली वाचने ऐकताना मला एक गोष्ट फार भावते. ही मुद्रणे कोणत्याही स्टुडिओत झालेली नाहीत. मागे माणसांची चाहूल असते, कोणीतरी खोकते, एखाद्या ओळीवर खसखस पिकते आणि कवी क्षणभर थांबून पुढे जातो. कविता माणसांच्या घोळक्यात जन्माला येताना ऐकल्याचा भास होतो.

वयाच्या चाळिशीत, १९९० मध्ये, बर्न्स्टीन बफेलो इथल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २००३ पर्यंत तिथे राहिले. रॉबर्ट क्रीली, सुझन हाउ यांच्यासारख्या कवींबरोबर त्यांनी तिथे काव्यविचाराचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा केला. कवींनीच काव्यशास्त्र शिकवावे, ही त्यामागची धारणा होती. आपल्याकडे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट हे तिघेही कवी आणि अध्यापक होते, आणि त्या तिघांच्या काव्यवाचनाला लोक तिकीट काढून गर्दी करत. त्यामुळे मराठी वाचकाला कवी-प्राध्यापक ही जात अनोळखी नाही. बफेलोत वेगळे घडले ते इतकेच, की काव्यवाचन वर्गाबाहेरच्या हौसेतून उठून अभ्यासक्रमाच्या मधोमध येऊन बसले. १९९०च्या दशकाच्या मध्यात, इंटरनेट घरोघरी पोहोचायचे होते तेव्हाच, त्यांनी लॉस ग्लेझियर यांच्यासह कवितेसाठी एक इलेक्ट्रॉनिक केंद्र सुरू केले. त्याच सुमारास कवींच्या वाचनांची आणि मुलाखतींची एक रेडिओ मालिकाही केली. १९९८ मध्ये त्यांनी कवितेच्या सादरीकरणावरच्या निबंधांचा एक ग्रंथ संपादित केला. बारकाईने वाचन करण्याची शिस्त विद्यापीठांना ठाऊक होतीच, तिच्या जोडीला बारकाईने ऐकण्याची शिस्त हवी, असा त्याचा मुद्दा होता. छापील पान म्हणजे खरी कविता आणि तिचे वाचन म्हणजे तिची सावली, ही उतरंड त्यांना मान्य नाही. कवी जितक्या वेळा कविता वाचतो तितकी तिची रूपे असतात आणि छापील पान हे त्यांपैकीच एक, असे ते मानतात.

पेनसाउंडची सारी रचना या विचारावर उभी आहे. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आल्यावर बर्न्स्टीन यांनी या संग्रहासाठी एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्यात सहा अटी होत्या : मुद्रण मोफत आणि उतरवून घेता येण्याजोगे हवे, ते एमपीथ्री किंवा त्याहून चांगल्या स्वरूपात हवे, प्रत्येक कविता सुटी हवी, प्रत्येक फाइलला नीट नाव हवे, कवी, कविता, स्थळ आणि काळ यांची माहिती फाइलच्या पोटातच भरलेली हवी, आणि सगळ्याची सूची हवी. वाचताना या अटी एखाद्या कारकुनी परिपत्रकासारख्या कोरड्या वाटतात, पण ज्याने कधी काव्यवाचनाच्या जुन्या कॅसेटवर एक विशिष्ट कविता शोधण्यासाठी फीत पुढे-मागे केली आहे, त्याला या प्रत्येक अटीमागचा अनुभव चटकन ओळखू येईल.

यातली 'प्रत्येक कविता सुटी' ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. दीड तासाचे काव्यवाचन अखंड ठेवले, तर तो एक कार्यक्रम असतो. तो आपण एकदा ऐकतो आणि बाजूला ठेवतो. तेच वाचन कवितेगणिक कापून ठेवले की दोन मिनिटांची एक कविता हातात येते. ती वर्गात लावता येते, लगेच पुन्हा लावता येते, दुसऱ्या वर्षी केलेल्या त्याच कवितेच्या वाचनाशेजारी ठेवता येते. गाणी एकेकटी ऐकायची सवय जगाला केव्हाच लागली होती. कवितेला तोच मान मिळावा, असे या कवीला वाटले. फाइलला नाव देण्याच्या अटीचेही तसेच आहे. मी उतरवून घेतलेली फाइल सहा महिन्यांनी उघडली तरी ती कोणाची, कोणती, कुठे आणि केव्हा वाचलेली, हे नावावरूनच कळते. घरातल्या जुन्या ध्वनिफितींवर 'किरकोळ' किंवा 'कविता २' असे लिहून ठेवलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही किती मोठी सोय आहे ते सांगायला नको.

आता प्रत्यक्ष काय ऐकायला मिळते ते सांगते. मी सुरुवात स्टाइनपासून केली. १९३४-३५ च्या हिवाळ्यात व्याख्यान दौऱ्यासाठी ती अमेरिकेत आली होती, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये तिने पिकासोवरचे आपले शब्दचित्र वाचले. ते चार मिनिटांच्या आत संपते. पानावर ते वाचताना माझी नेहमी दमछाक होत असे, कारण 'मी त्याला सांगितले तर', 'नेपोलियन', 'आता' असे मोजके शब्द उलटसुलट होऊन पुन्हा पुन्हा येतात आणि डोळा तिसऱ्या ओळीपासूनच उड्या मारू लागतो. कानाला मात्र उडी मारता येत नाही. तिच्या शांत, ठाम, किंचित खालच्या पट्टीतल्या आवाजात तेच शब्द आले, तेव्हा पुनरुक्तीचा कंटाळा वाटण्याऐवजी जात्यावरच्या ओवीसारखी फिरत राहणारी लय ऐकू आली. पाळी फिरते, हात तोच असतो, दाणे मात्र दरवेळी नवे पडतात, तसे काहीसे. ज्या कवयित्रीवर बर्न्स्टीन यांनी विद्यार्थिदशेत प्रबंध लिहिला, तिचा आवाज त्यांच्या संग्रहात मानाने बसलेला पाहून बरे वाटते.

त्याहून वेगळा अनुभव व्हेचल लिंडसे या अमेरिकन कवीचा आहे. कोलंबिया विद्यापीठात डब्ल्यू. कॅबेल ग्रीट आणि जॉर्ज हिबिट हे दोन प्राध्यापक अमेरिकन बोलींच्या अभ्यासासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर लोकांचे बोलणे मुद्रित करत असत, आणि त्याच यंत्रावर त्यांनी काही कवींनाही मुद्रित केले. लिंडसेची मुद्रणे १९३१ च्या जानेवारीतली आहेत, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. तबकडीची खरखर सतत ऐकू येते, आणि तिच्यावर मात करत हा माणूस अर्धे गात, अर्धे घुमत कविता म्हणतो. छापील कवितेच्या समासातही तो कुठे आवाज खोल करावा, कुठे ठेका धरावा अशा सूचना देत असे. मुद्रण ऐकल्यावर त्या सूचना कशासाठी होत्या ते उमगते. त्याच्या सर्वांत गाजलेल्या कवितेतले आफ्रिकी माणसांचे चित्रण आज अतिशय खटकते आणि ते खटकलेच पाहिजे. पण त्याच तबकड्यांच्या मालिकेत १९३५ मध्ये मुद्रित झालेला जेम्स वेल्डन जॉन्सन हा कृष्णवर्णीय कवीही आहे. त्याच्या वाचनात चर्चमधल्या प्रवचनाची धीरगंभीर चाल आहे आणि नकलेचा लवलेश नाही. हे दोन आवाज मी एकापाठोपाठ एक ऐकले, आणि त्या एका तासाने मला त्या काळाबद्दल जे शिकवले ते मला कोणत्याही प्रस्तावनेत मिळाले नव्हते. बोलीच्या अभ्यासासाठी केलेले काम ८० वर्षांनी कवितेच्या कामी यावे, हाही योग मोठाच म्हणायचा.

विल्यम कार्लोस विल्यम्स यांचे पान तर मी अजून संपवलेले नाही. ते पेशाने डॉक्टर होते आणि न्यू जर्सीतल्या रदरफर्ड गावात त्यांनी आयुष्यभर दवाखाना चालवला. रिचर्ड स्विग या अभ्यासकाने त्यांची उपलब्ध मुद्रणे एकत्र करून कालानुक्रमे लावून दिली आहेत. १९२३ मध्ये छापलेली त्यांची लाल ढकलगाडीची कविता अवघ्या १६ शब्दांची आहे. ती छापताना त्यांनी आठ ओळींत मोडली आहे, आणि कवितेच्या वर्गात त्या मोडणीवर तासन्‌तास चर्चा होते. ती कवीच्या तोंडून ऐकताना काही सेकंदांत संपून जाते. १९५१ पासून विल्यम्स यांना पक्षाघाताचे झटके आले. त्याआधीची आणि त्यानंतरची वाचने शेजारी ठेवून ऐकली की शरीर कवितेत किती असते, हे कोणी समजावून सांगायला लागत नाही. आधीच्या मुद्रणांतला घाईतला, रुग्णांच्या रांगेतून दोन मिनिटे काढून आल्यासारखा आवाज पुढे सावध होतो; शब्द तोंडात धरून मग सोडल्यासारखे येतात. कविता तीच, अक्षरही बदललेले नाही.

बर्न्स्टीन यांच्या शिकवण्याविषयी इथे लिहायला हवे, कारण संग्रह वापरायचा कसा, याचे उत्तर त्यात आहे. लेखन आणि वाचन या दोन शब्दांचे मिश्रण करून त्यांनी आपल्या वर्गपद्धतीला एक नाव दिले. वाचलेल्या कवितेवर विद्यार्थ्याने नुसते मत द्यायचे नाही. त्या कवितेला हात घालायचा. तिच्यातले सगळे नाम बदलून पाहायचे, ओळी उलट क्रमाने लावायच्या, परक्या भाषेतल्या कवितेचा अर्थ न पाहता केवळ उच्चारावरून आपल्या भाषेत 'भाषांतर' करायचे, शब्द कापून पुन्हा चिकटवायचे. या प्रयोगांची लांबलचक यादी त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. आपण सारे 'संदर्भासहित स्पष्टीकरण द्या' आणि 'कवीला येथे काय म्हणायचे आहे' या प्रश्नांवर वाढलो. मला स्वतःला महाविद्यालयात तीन वर्षे कविता शिकवली गेली, परंतु त्या तीन वर्षांत वर्गात एकही कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलेली मला आठवत नाही. आम्ही शब्दार्थ आणि आशय उतरवून घेत असू. त्यामुळे ही पद्धत वाचताना मला हेवा वाटला, हे मी प्रांजळपणे सांगते.

म्हणून मी ती करून पाहिली. आमच्या छोट्या वाचनगटात आठ जण आहेत आणि इंग्रजी कविता सर्वांनाच सारखी कळते असे नाही. मी स्टाइनचे मुद्रण मजकूर न देता दोनदा ऐकवले आणि जे ऐकू आले ते मराठी अक्षरांत जसेच्या तसे उतरवायला सांगितले. अर्थ कळावा अशी अपेक्षाच नसल्याने सगळ्यांनी मोकळेपणाने लिहिले. मग प्रत्येकाने आपापला कागद मोठ्याने वाचला. आठ कागद आठ तऱ्हांचे होते, पण थांबण्याच्या जागा सर्वांच्या जवळजवळ सारख्या पडल्या होत्या. गटातल्या सर्वांत वयस्कर काकू, ज्या आधी 'मला इंग्रजी जमत नाही' म्हणून मागे बसल्या होत्या, त्यांनी त्या थांबण्यांना टाळी देऊन दाखवली, आणि मग उरलेली संध्याकाळ आम्ही त्या ठेक्यावरच बोलत राहिलो.

सेवेच्या मर्यादा आधीच ठाऊक असाव्यात. पाने अगदी साधी आहेत. कवीचे नाव, खाली स्थळ आणि तारीख, त्याखाली कवितांची यादी, एवढेच. चित्रांची, शिफारशींची सवय झालेल्या डोळ्यांना हे रूक्ष वाटेल. मला मात्र ते ग्रंथालयाच्या जुन्या कार्डांसारखे विश्वासाचे वाटते. कवितांचा मजकूर बहुधा सोबत नसतो, कारण हक्क कवींकडे किंवा त्यांच्या वारसांकडे असतात आणि परवानगी ध्वनिमुद्रणाची, तीही शैक्षणिक आणि अव्यापारी वापरापुरती असते. त्यामुळे पुस्तक शेजारी हवे असेल तर त्याची सोय आपण करायची. मुद्रणांचा दर्जा ज्या काळी, ज्या यंत्रावर ती झाली त्याप्रमाणे कमीजास्त आहे; हेडफोनशिवाय काही जुनी मुद्रणे नीट लागत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या संग्रहाला स्वतःची ठाम आवडनिवड आहे. त्याचा कल इंग्रजीतल्या, त्यातही अमेरिकेतल्या प्रयोगशील कवितेकडे आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून भेटणारी लोकप्रिय कविता ऐकायच्या आशेने कोणी गेले तर त्याची निराशा होऊ शकते. मला यात गैर वाटत नाही. हा संग्रह एका कवीने आपल्या परंपरेवरच्या प्रेमातून उभारला आहे, आणि प्रेमात निवड असतेच. पण हे आधी माहीत असलेले बरे.

ज्यांना एकट्याने कवितेत शिरणे अवघड जाते, त्यांनी २००७ पासून चाललेली चर्चांची मालिका आधी ऐकावी. फिलराइस तिचे सूत्रसंचालन करतात. एक कविता आधी कवीच्या आवाजात लावली जाते आणि मग तीन-चार जण टेबलाभोवती बसून तिच्याविषयी बोलतात, अडतात, एकमेकांना खोडतात. फिलराइस यांचाच आधुनिक अमेरिकन कवितेवरचा मोफत अभ्यासक्रमही २०१२ पासून जगभर खुला आहे आणि तोही याच मुद्रणांवर चालतो.

बर्न्स्टीन यांच्या स्वतःच्या कवितेविषयी मी सावधपणे लिहिते. त्यांचे पुष्कळसे काव्य शब्दांच्या कोट्यांवर, जाहिरातींच्या आणि कचेऱ्यांच्या भाषेच्या मोडतोडीवर उभे आहे, आणि ते मराठीत आणणे मला तरी अशक्य वाटते. २००६ च्या त्यांच्या संग्रहात एक कविता आहे, जी पहिल्याच ओळीपासून वाचकाला हमी देते की हिच्यात समजायला अवघड असे काहीही नाही. आणि ती हमी जसजशी लांबत जाते तसतसे 'सोपी कविता' म्हणजे काय, याविषयीच आपण अडखळू लागतो. ती त्यांच्या आवाजात ऐकावी. प्रसिद्ध संगीतकार ब्रायन फर्नीहो यांच्या संगीतनाट्यासाठी त्यांनी वॉल्टर बेंजामिन या विचारवंताच्या जीवनावर संहिता लिहिली आणि २००४ मध्ये म्युनिक इथे त्याचा पहिला प्रयोग झाला. २००८ मध्ये त्यांच्या तरुण मुलीचे निधन झाले. २०१३ मध्ये आलेल्या संग्रहात ते दुःख उतरले आहे, आणि ज्या कवीवर केवळ बुद्धीचे खेळ करणारा असा शिक्का मारला जात होता, त्याच्या ओळी तिथे उघड्या जखमेसारख्या समोर येतात. २०१९ मध्ये त्यांना बोलिंगेन हा अमेरिकेतला मानाचा काव्यपुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते विद्यापीठातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन चालू राहिले आणि २०२१ मध्ये नवा संग्रह आला.

नव्याने ऐकायला बसणाऱ्याने क्रम कसा लावावा, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की आधी स्टाइनचे शब्दचित्र ऐकावे, मग जॉन्सन, मग विल्यम्स यांची एकच छोटी कविता दोन वेगवेगळ्या वर्षांच्या वाचनांत ऐकावी, आणि त्यानंतर 'इअर इन'मधले कोणतेही एक वाचन संपूर्ण ऐकावे. बर्न्स्टीन यांचे 'एक ते शंभर' शेवटी ठेवावे आणि ते मात्र मोठ्या आवाजात लावू नये. माझ्या शेजारच्यांनी दार वाजवून सगळे ठीक आहे ना, असे विचारले होते. गेल्या आठवड्यात वाचनगटातल्या त्याच काकूंनी माझ्याकडून त्यांच्या फोनवर चार फाइली घेतल्या. त्यांना नेटची जोड नीट मिळत नाही, पण फाइल एकदा उतरली की तिची गरज उरत नाही. फोनच्या पडद्यावर कवीचे नाव, कवितेचे नाव, स्थळ आणि साल ओळीने दिसले, तेव्हा त्यांनी चश्मा वर करून ते सावकाश वाचले आणि मग कानाला लावले.